गेजच्या तोंडातलं गंध

माझ्या सासरी तीन पिढ्या कारकुनी आणि मास्तरकी. तंजावरहून मद्रासला आलेली ही मराठी माणसं बोटाला शाई लागली तर मिरवायची आणि ग्रीस लागलं तर लपवायची. त्या घरात आमचे हे एकटेच टर्नर. रेल्वेच्या कारखान्यात लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, काम करायचे आणि निघताना नखं ब्रशने घासूनच निघायचे, कारण पाहुण्यांपुढे सासूबाईंना लाज वाटे. मी पुण्याची. लग्न होऊन वेस्ट मांबलमला आले तेव्हा मला तामिळ येत नव्हतं आणि ह्यांच्या घरचं जुनं मराठी निम्मंच कळायचं. पण ह्यांचा हात चांगला आहे एवढं मला कळत होतं, आणि ते मी सासूबाईंना तोंडावर सांगत असे. स्वभावच तसा, गप्प बसवत नाही.

त्या सुमाराला सरकारने छोट्या कारखानदारांसाठी योजना काढल्या. शहराच्या कडेला गिंडीच्या माळावर शेड उभ्या राहिल्या, त्या भाड्याने मिळायच्या. लेथ हप्त्याने मिळायचं. शिवाय एक सेवा केंद्र होतं, तिथला अधिकारी सायकलवरून घरी येऊन काम बघायचा आणि कुठे चुकतं ते सांगून जायचा. सरकारी माणूस दारात येतो, काही मागत नाही आणि उलट शिकवून जातो, ह्यावर आमच्या गल्लीत कुणाचा विश्वास बसेना. ह्यांचा बसला. ह्यांनी रेल्वेची पक्की नोकरी सोडली. सासूबाईंनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही, आणि तिसऱ्या दिवशी लेथ दारात आलं तेव्हा मात्र सगळ्यांच्या आधी त्याच जाऊन बघून आल्या.

शेड मिळायची एक अट होती. रेल्वेला डब्यांतल्या पंख्यांसाठी पितळी बुश हवे होते, म्हणजे पंख्याचा आस ज्यात फिरतो त्या लहानशा नळ्या. त्या छोट्या कारखान्यांकडून घ्यायचं ठरलं होतं. आधी नमुन्याचे बारा बुश सरकारी चाचणीला द्यायचे. उतरले तर ऑर्डरही मिळणार आणि शेडही. नाही उतरले तर शेड यादीतल्या पुढच्या माणसाला. तोवर लेथ आमच्या पुढच्या ओसरीत होतं आणि पितळेचा कीस घरभर. मी भात वाढताना आधी ताट निरखून बघायची.

माप घ्यायला केंद्राने एक गेज उसनी दिली होती. घोड्याच्या नालेसारखी पोलादी वस्तू, तिच्या तोंडात बुश जेमतेम शिरला की माप बरोबर. हे तिला मऊ फडक्यात गुंडाळून ठेवत.

मग आयुधपूजा आली. मद्रासेत त्या दिवशी कुठल्याही हत्याराला कामासाठी हात लावत नाहीत. रिक्षापासून सुरी-कात्रीपर्यंत सगळ्यांना गंध-कुंकू लागतं, आणि दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, सगळी कामं नव्याने सुरू होतात. घरातली पहिली यंत्राची पूजा, म्हणून मी कंबर कसली. लेथ पुसलं, झेंडूची माळ घातली, पान्हे आणि कानशी पाटावर मांडल्या. गेज तर मुख्य, तिला मी मधोमध ठेवली. पण पोलादाला तेल होतं, त्यावर गंध ठरेना, ओघळून जाई. प्रसादाच्या चुरमुऱ्यांसाठी गूळ काढलाच होता. मी गंधात थोडं गुळाचं पाणी कालवलं. छान चिकटलं.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, काय करूलालीस? भायेर लाव की, पुरे."

मी कशाची ऐकते! जिथे ती काम करते तिथेच तिची पूजा, असं मनाशी म्हणत मी गेजच्या तोंडाच्या आत, दोन्ही बाजूंना, सुबक टिकल्या लावल्या.

विजयादशमीला सकाळी ह्यांनी तेलाच्या चिंध्यांनी सगळं पुसलं आणि काम सुरू केलं. चार दिवस खपून बारा बुश केले. एकेक बुश गेजमध्ये शिरताना मी दारात उभी असायची. बारावा शिरला तेव्हा मी ह्यांच्या हातावर साखर ठेवली.

नमुना चाचणीला गेला आणि आठवड्याने कागद आला. बाराच्या बारा नापास. बाहेरचा व्यास कमी.

हे उठले. ओसरीत जाऊन लेथवर चादर टाकून आले. सासूबाई म्हणाल्या, "रेल्वेत पुन्हा घेतेत काय, विचार की," आणि ते त्या इतक्या हळू म्हणाल्या की मला रागही येईना. मला राग आला तो ह्यांचा. मी म्हटलं, नुसते बसता काय, भांडा जाऊन! तर म्हणाले, "माप खोटं बोलत नाही. हातच चुकला असंल." त्या वाक्याने मला रडू आलं.

दोन दिवसांनी सायकलवरून अधिकारी आले. शेड यादीतल्या पुढच्या माणसाकडे जायला चार दिवस होते. नापास झालेले बुश त्यांनी परत आणले होते. ओसरीत मांडी घालून त्यांनी खिशातून आपलं मायक्रोमीटर काढलं आणि एकेक बुश मोजून पाटावर ठेवत गेले. बारावा मोजून झाल्यावर ते हसले. ते तामिळमध्ये बोलले ते ह्यांनी मला नंतर सांगितलं, पण त्यांच्या चेहऱ्यावरून निम्मं मला तेव्हाच कळलं होतं. ते म्हणाले, "हात चुकला असता तर एक जाड, एक बारीक झाला असता. हे बाराही केसाएवढे कमी आहेत, आणि सगळे सारखेच कमी आहेत. इतकं सारखं चुकायला फार चांगला हात लागतो. गेज आणा."

गेजच्या तोंडात त्यांनी नख घातलं. एक पिवळसर पापुद्रा निघाला. नख नाकाशी नेलं आणि म्हणाले, "चंदनम्!"

मी चुलीशेजारच्या दारातून बघत होते. गुळाने ते गंध लाखेसारखं बसलं होतं, चिंध्यांनी नुसता वरचा रंग गेला होता. तोंड तेवढं अरुंद झालं, आणि हे बिचारे बुश त्यात शिरेपर्यंत कापत गेले. मी बाहेर आले आणि मोडक्यातोडक्या तामिळमध्ये म्हटलं, मी लावलं. सासूबाई माझ्या मागोमाग आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या घरची पूजा. मला विचारा."

अधिकाऱ्यांनी कागद काढला. पुन्हा नमुना द्यायची परवानगी मिळवायची तर कारण लिहायला हवं. गेज केंद्राचीच होती. ती देतानाच स्वच्छ नव्हती असं लिहिलं तर कुणी विचारणार नाही, असं तेच म्हणाले. भला माणूस, आमच्यासाठीच म्हणत होता.

ह्यांनी मान हलवली. "लिहा, गेज वापरायच्या आधी टर्नरने तपासली नाही. पूजेचं काही लिहू नका, ते घरातलं आहे. तपासणं माझं काम होतं."

मला माझ्या नवऱ्याचा अभिमान आयुष्यात पुष्कळदा वाटला, पण त्या संध्याकाळइतका कधी नाही. सासूबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा ह्यांच्या काळ्या नखांकडे बघत कॉफी पुढे केली, आणि नखांबद्दल पुन्हा कधी चकार शब्द काढला नाही.

परवानगी मिळाली. नवे बारा बुश करायला तीन दिवस होते. पहिल्या दिवशी सकाळी ह्यांनी गेज माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "मोजायचं तू. मी करणार, तू बघणार."

मला वाटलं चेष्टा करताहेत. ती चेष्टा नव्हती. मी गेज रॉकेलने धुतली, पुसली, उजेडात धरून पुन्हा पुसली. बुश शिरतो म्हणजे नेमका कसा शिरतो, ते ह्यांनी मला शिकवलं. ढकलायचा नाही, त्याच्या वजनाने उतरला पाहिजे. तिसऱ्या संध्याकाळी बारा बुश ओळीने मांडले. मी मोजायला बसले. सातवा सैल वाटला. पुन्हा बघितला, सैलच. अकरावाही. उद्या सकाळी नमुना द्यायचा, आणि ज्या बाईने पहिले बारा घालवले ती ह्या टर्नरला सांगणार की तुमचे दोन चुकले!

मी ते दोन बाजूला काढून ठेवले.

हे आले, दोन्ही उचलले, स्वतः गेजमध्ये घालून बघितले. मग अंगातला सदरा काढून खुंटीला लावला आणि पुन्हा लेथवर उभे राहिले.

बाराही उतरले. गिंडीची शेड आमची झाली. शेडच्या कागदांत कामगारांचा एक तक्ता भरायचा होता. काम करणारा ह्या रकान्यात ह्यांनी सही केली. तपासणारा ह्या रकान्यापुढे अधिकारी थांबले आणि त्यांनी विचारलं, "इथे कुणाला ठेवलंय?" ह्यांनी टाक माझ्या हातात दिला.