गडावर निघालेली खुर्ची

रामटेकच्या गडाखाली मुलीनं हात पुढं केला, तेव्हा मी तो झटकला. गुडघे कुरकुरत होते; पण ऑफिसात तीस वर्षं तीन मजले पायी चढलेला माणूस मी. मला आधार कशाला हवा?

आमच्या पुढं एक म्हातारी चढत होती. अंगावर सुती नऊवारी, पायांत कॅनव्हासचे बूट. मागं तिचा पन्नाशीतला मुलगा, डोक्यावर लाल प्लास्टिकची खुर्ची पालथी घेऊन. दहाबारा पायऱ्या झाल्या की म्हातारी मागं न बघताच म्हणायची, "टेक गा." रुंद पायरी बघून तो खुर्ची मांडायचा आणि ती ऐटीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना न्याहाळायची.

मला राहवलं नाही. "मावशी, एवढे लोक बघतात. अवघडल्यासारखं नाही होत?"

ती खळखळून हसली. "याले कडेवर घेऊन मी हाच गड चढली. तवा याले लाज नाही वाटली. मंग आता मले काहून वाटन?"

मागं उभा असलेला मुलगा घाम पुसत हसला.

वर पोचलो तेव्हा मी धापा टाकत होतो, ती मात्र टवटवीत. फक्त देवळातल्या घंटेपर्यंत तिचा हात पोचेना. मुलानं खुर्ची बाजूला ठेवली, आईला कमरेला धरून अलगद उचललं आणि तिनं घंटा अशी बडवली की सगळं देऊळ वळून बघू लागलं.

तो नाद विरायच्या आत मी मुलीपुढं हात केला.