डिशवाल्या अण्णांचा बेलभंडार

अण्णांशी बोलायचं म्हणजे कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागे. इतकं हळू बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. जन्म काढला भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये, पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांच्या धडधडाटात. तिथून निघालेली माणसं जेवताना मीठ मागायलासुद्धा ओरडतात. आमचे सासरे त्यातलेच. अण्णा मात्र उलटे निघाले. म्हणायचे, "तिथं एक वरडला की दुसरा वरडायचा. शेवटी समदे वरडायचे आन् कुणालाच कुणाचं ऐकू जायचं न्हाई. तवाच ठरवलं, आपण हळू बोलायचं."

कंपनीने व्हीआरएस दिली, तेव्हा बार्शीकडच्या या गृहस्थाने गावी घर बांधायचं सोडून रहाटणीतल्या घराच्या गच्चीवर एक उंच खांब उभा केला आणि बिनतारी इंटरनेट पुरवायला सुरुवात केली. आमच्या गल्ल्यांत केबल टाकायला तेव्हा कोणी येत नव्हतं. अण्णा गिऱ्हाइकाच्या भिंतीवर ताटलीएवढी डिश लावत आणि तिचं तोंड आपल्या खांबाकडे वळवत. मी घरी बसून चाकणच्या वर्कशॉपांना सुट्या भागांची ड्रॉइंग करून देते. त्या ताटलीवर अण्णांचं घर चालायचं तसंच माझंही.

ज्या लहरींवर हे सगळं चाले, त्यांना सरकारी परवाना लागत नाही. कोणीही वापरा, फक्त त्यांचा जोर ठरलेल्या मर्यादेत ठेवा, एवढाच नियम. आता अशा 'फक्त'चं आपल्याकडे काय होतं, ते मी सांगायला नको! यंत्रात आपला देश निवडायचा असतो. भारत निवडला की जोर आवरता राहतो. मग बहाद्दर लोक भलताच देश निवडत, आणि यंत्र बिचारं परदेशात असल्यासारखं मोकाट सुटे. काळेवाडीत हाच धंदा करणाऱ्या विकीने ही युक्ती अण्णांनाही शिकवायला घेतली होती. अण्णा त्याला म्हणाले, "रहाटणीत बसून यंत्राला खोटं सांगायचं व्हय रे?"

विकीने जोर वाढवला, म्हणून सांगवीच्या नेटवाल्याने वाढवला. लहरी एकमेकींत घुसायला लागल्या आणि संध्याकाळ झाली की सगळ्यांचंच नेट झोपायला लागलं. माझी ड्रॉइंग अर्ध्यात अडकायची आणि चाकणहून फोनवर फोन. शेवटी अण्णा पुण्यातल्या एका सरकारी कचेरीत गेले. साहेबांनी चहा पाजला म्हणे.

"ते म्हणले, परवाना न्हाई, तर रक्षण बी न्हाई," अण्णांनी मला सांगितलं. "दुसऱ्याचा तरास झाला तर सोसायचा."

"आणि जोराच्या मर्यादेचं काय?" मी विचारलं.

"ती हाय की. बघायला माणूस न्हाई."

मग अण्णांनी जे केलं, ते अख्ख्या देशात कोणी केलं नसेल. एका रविवारी आसपासच्या सगळ्या नेटवाल्यांना गच्चीवर बोलावलं. अण्णांच्या बायकोने, काकूंनी, मला पोह्यांना मदतीला घेतलं होतं, म्हणून हा सोहळा मला बघायला मिळाला. खांबाखाली पाट, पाटावर ताम्हन, ताम्हनात बेलाची पानं आणि जेजुरीचा भंडारा. प्रत्येकाने बेलभंडार उचलून शपथ घ्यायची की जोर मर्यादेतच ठेवीन. विकी हसला, "काय राव अण्णा, वायफायला खंडोबा?" पण त्याची पाळी आली तेव्हा हसू कुठल्या कुठे पळालं. पिवळ्या हातांनीच पोहे खाऊन सगळे मुकाट घरी गेले. आणि काय सांगू, दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचं नेट असं धावायला लागलं की मी कामात सासूबाईंची मालिका लावून द्यायचीही विसरले.

हे सुख फार टिकलं नाही. चौकातल्या नव्या इमारतीवर एका बड्या कंपनीची यंत्रं चढली. जोर असा की आमच्या ताटल्या मुक्याच झाल्या. आता बेलभंडार द्यायचा कोणाच्या हातात? अण्णांनी कंपनीला फोन लावला, तर पलीकडची बाई गोड आवाजात सारखी म्हणत होती, "सर, ज़रा ज़ोर से बोलिए." अण्णांनी फोन खाली ठेवला.

विकी खाली मान घालून आला. म्हणाला, "अण्णा, मला मोकळं करा. जोर वाढवल्याशिवाय टिकत न्हाई ओ मी. लेकरंबाळं आहेत." अण्णा म्हणाले, "जा बाबा. माझ्याकडनं मोकळा." मग सांगवीवाला आला, तोही मोकळा झाला. अण्णांनी सगळ्यांना सोडलं.

मला राहवलं नाही. म्हटलं, "अण्णा, पुरे झालं! तुम्हीही एक बटण दाबा आणि वाढवा जोर. खंडोबा काय खाली येऊन मोजणार आहे?"

"खंडोबाचं ऱ्हाऊ द्या. मी वाढवला की पलीकडच्या गल्लीतलं नेट पडंल. तिथं बी तुमच्यासारखी कुणी कामाला बसली आसंल."

मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त रडू आलं. एवढा सरळ माणूस डोळ्यांदेखत बुडत होता आणि मला काही म्हणजे काही करता येत नव्हतं. गिऱ्हाइकं एकेक करून गेली. माझं कामही सुटायच्या बेताला आलं, तेव्हा अण्णाच स्वतः शिडी घेऊन आले. "ताई, तुम्ही त्या कंपनीचं घ्या आता," म्हणाले आणि आमची डिश उतरवली. वायरीसाठी पाडलेलं भोक पांढऱ्या सिमेंटने बुजवलं, वरून ओल्या फडक्याने भिंत पुसली. "पावसात गळलं तर सांगा, मी येतो." पुढच्याच महिन्यात खांब विकून दोघं गावी गेली.

आता माझ्याकडे त्या बड्या कंपनीचं नेट आहे. तिच्या समोर दुसरी एक तशीच कंपनी आली, त्यामुळे संध्याकाळी ते पुन्हा झोपतं. परवा पावसाने झोडपलं त्या संध्याकाळी अण्णांचा व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल आला. नुसती खरखर. आवाज तुटत होता, मधूनच "भिंत" आणि "पाणी" एवढंच कानावर आलं.

"नाही गळत, अण्णा!" मी म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हणाले, ओरडून म्हणाले.

तेव्हा पलीकडून अण्णा ओरडले. खरोखर ओरडले, घसा फाटेपर्यंत. "ताई! ऐकू येतंय का? ताई!"

"येतंय अण्णा, येतंय!" मीही किंचाळले. तोवर कॉल तुटला होता.