साक्रीचा पंधरावा राउटर

पोळ्यानंतरचा पहिला सोमवार. रक्कम अकरा लाख चाळीस हजार रुपये. हजर होते जळगावचे नाना, धुळ्याचे भाऊ आणि फैजपूरचे आबा हे तिघे भागीदार, आणि त्यांच्या इंटरनेटच्या जाळ्याचं काम बघणारा मी. रक्कम चार मोठ्या राउटरांची होती. कोटेशनवर फक्त सही व्हायची होती. मी म्हणालो, "हा खर्च फुकट जाईल."

तिघेही मूळचे केबलवाले. एकत्र येऊन इंटरनेट विकायला लागले तेव्हा प्रत्येकाची अट एकच होती: माझ्या गावचा राउटर बाकी सगळ्यांशी थेट बोलेल, कोणाच्या मार्फत नाही. आमच्याकडे लग्नाचं आमंत्रण भाऊबंदांना घरी जाऊनच द्यावं लागतं. शेजाऱ्याकडून कळलं तर माणूस जेवायला येत नाही, वर्षभर बोलतही नाही. राउटरांनाही त्यांनी तोच मान लावला. त्यात राउटरांचा नियमही असा, की आतल्या एका राउटरकडून ऐकलेला मार्ग आतल्याच दुसऱ्याला सांगायचा नाही, नाहीतर निरोप गोल फिरत राहतात. म्हणून प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडणी लागते. पाच राउटर होते तेव्हा अशा दहा जोडण्या होत्या. चौदा झाले तेव्हा एक्याण्णव. आता साक्रीचा पंधरावा आला की एकशे पाच, आणि प्रत्येक जोडणी दोन्ही टोकांना हाताने लिहायची. मागे शिरपूर जोडताना त्यातली एक राहिली. चोपड्याच्या राउटरला शिरपूर नावाचं गाव आहे हेच ठाऊक नव्हतं. दिवसभर दोन्ही गावांचे ग्राहक ओरडत राहिले. भागीदारांनी निष्कर्ष काढला, यंत्रं लहान पडतात.

"यंत्रं लहान नाहीत, जोडण्या जास्त आहेत," मी म्हणालो. "दोन साधे सर्व्हर घ्या, एक जळगावला, एक धुळ्याला. प्रत्येक राउटर आपले मार्ग फक्त या दोघांना सांगेल, हे दोघे ते बाकी सगळ्यांना सांगतील; त्या नियमातून यांना सूट असते. एक बंद पडला तर दुसरा आहे. पंधरा राउटरांच्या तीस आणि या दोघांमधली एक, सगळ्या मिळून एकतीस जोडण्या."

आबा खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे फैजपूरचं इंटरनेट आता धुळ्याला वळसा घालून येणार?"

"येऊ द्या ना आबा," भाऊ म्हणाले. "चहा पाजून पाठवू."

"तुझा चहा राहू दे. मी कोणाच्या हाताखाली जाणार नाही."

मी विचारलं, "आबा, केळीचा भाव रोज तुम्हाला एकाच ठिकाणाहून कळतो ना? मग ट्रक तिथून जातो का? तो तुमच्या बागेतून सरळ दिल्लीला जातो. हेही तसंच. सर्व्हरवरून फक्त निरोप येणार, माल आपल्या वाटेने जाणार."

"गोष्टी सांगू नको. बंद पडलं तर भरणार कोण?"

"या महिन्याचा माझा पगार धरून ठेवा. बेचाळीस हजार. बंद पडलं तर तुमचा."

नानांनी मला समजावलं. "घरदार असलेला माणूस तू. होऊ दे सही, तुझं काय जातं?"

"करा सही. पण साक्री मी जुन्या पद्धतीने जोडणार नाही. त्याला दुसरा माणूस बघा."

सही झाली नाही; सर्व्हर घ्यायचं ठरलं आणि माझा पगार धरून ठेवला. जळगावातच मेहरूणला घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "पैज लावायची तर त्यांच्या पैशाची लावायची. घराचा हप्ता कोण भरणार, तुमचा राउटर?" हप्ता मी ठेवीतून भरला. तिने ती पावती दोन दिवस टीव्हीवर ठेवली होती.

हे काम लोक रात्री, गुपचूप करतात. मी रविवारी दुपारी केलं, आबांना शेजारी बसवून. आधी नव्या जोडण्या जुन्यांच्या सोबतीने चालू केल्या, मग जुन्या काढल्या. पहिलं गाव फैजपूरच घेतलं. आबांनी सुनेला व्हिडिओ कॉल लावून ठेवला होता आणि दर मिनिटाला विचारत होते, "दिसतो का मी?"

"दिसता आबा," सून म्हणाली. "चहा सांडतोय सदऱ्यावर."

फैजपूरच्या तेराही जुन्या जोडण्या गेल्या, तरी कॉल तुटला नाही. मी पडद्यावर वाट काढून दाखवली: फैजपूर, भुसावळ, जळगाव, तिथून बाहेर. धुळे कुठेच नव्हतं. आबांनी ती दोनदा वाचली आणि सदरा पुसायला उठले.

पुढच्या आठवड्यात साक्री जोडलं. तिथल्या राउटरवर दोन जोडण्या लिहिल्या, दोन्ही सर्व्हरवर त्याचं नाव घातलं. बाकीच्या चौदांना हात लावला नाही. भाऊ साक्रीहून फोनवर अहिराणीत ओरडले, "बठ्ठं चालू शे!" सगळं चालू होतं.

महिनाअखेरीला आबा म्हणाले, "तुझे पुढच्या पगारात एकदम देऊ."

"आज," मी म्हणालो, आणि बसून राहिलो. चहा आला, तो घेतला नाही. तासाभराने आबांनी चेकबुक मागवलं.

शेवटी दिले ते एवढे: दोन सर्व्हरचे अठ्ठावन्न हजार, जळगावच्या दुकानदाराला. बेचाळीस हजार, मला.