पंचावन्न वर्षांची शेळी

दात बघून शेळीचं वय सांगता येतं, ही राजनंदिनीची विद्या धाराशिवच्या ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हती. तिनं ती ठाऊक होऊ दिली नव्हती. घरी काय असतं, असं कुणी विचारलं की ती "शेती" म्हणायची. ते खोटं नव्हतं. वाशीच्या शिवारात एक एकर होतंच. पण तिचं शिक्षण झालं ते आईच्या, कमलबाईच्या, अठरा काळ्या शेळ्यांवर. सोमवारी गावाहून निघताना, एसटीत चढण्याआधी, ती ओढणी नाकाशी धरून शेळ्यांचा वास येतो का बघायची. घरून फोन आला की जिन्यात जाऊन बोलायची, कारण आईला ती "माय" म्हणायची आणि तो शब्द ऑफिसात नको वाटायचा.

झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत विरेश सरांची छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती. शेळीपालक संघाची वेबसाइट सांभाळायचं काम सप्टेंबरात राजनंदिनीकडे आलं. बारा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून सोडून दिलेली वेबसाइट. एका जागी हात लावला की दुसऱ्याच जागचा पोपडा पडायचा.

"नवी बांधायची नाही," सर म्हणाले. "जुनीतच नवे तयार भाग बसवत जायचे. वयापासून सुरुवात कर. तिथं कॅलेंडर टाक, लोक जन्मतारीख निवडतील."

जुन्या फॉर्मात वयासाठी साधी रिकामी चौकट होती. लोकांनी तिच्यात आपल्या भाषेत वय लिहिलं होतं. आदत. दोन दाती. चार दाती. जुळलेली.

सर मागं उभं राहून बघत होते. "हे दाती-बिती काय प्रकार आहे?"

दुधाचे दात असेतो शेळी आदत; ते पडून पक्क्या दातांची पहिली जोडी आली की दोन दाती, म्हणजे सव्वा-दीड वर्षांची; सगळे पक्के दात आले की जुळलेली. पाढे यायच्या आधीपासून राजनंदिनीला हे येत होतं.

"माहीत नाही, सर," ती म्हणाली.

"कचरा असेल. जाऊ दे."

तिनं जाऊ दिलं. कॅलेंडर सुरेख बसलं. निळं, बोटानं महिने सरकवता येणारं. तपासणीसाठी तिनं मनानंच पाच शेळ्या भरल्या, पाचींना जन्मतारखा दिल्या, पाची बिनबोभाट नोंदल्या गेल्या. "दोन दाती" असं आधीच लिहिलेल्या नोंदींचं हे कॅलेंडर काय करेल, ते तिनं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तो शब्द कळतो हे कबूल करावं लागलं असतं.

आठवड्यानं येडशीला, स्टेशनजवळच्या मैदानावर, संघाचं प्रदर्शन भरलं. शेळ्यांची यादी वेबसाइटवरच्या नोंदींतूनच छापलेली होती, आणि काही अडलं तर म्हणून सर आणि राजनंदिनी लॅपटॉप घेऊन नोंदणीच्या टेबलामागं बसले होते. निवडलेल्या शेळीला जातिवंत असल्याचा दाखला मिळायचा. दोन वर्षं कमलबाईची शेळी शेवटच्या फेरीत मागं राहिली होती. यंदा तिची सगळी भिस्त काजळीवर होती. तिला घेऊन ती पहाटेच्या टेम्पोनं आली.

संघाचे अध्यक्ष दगडोबाकाका माईकवर यादी वाचायला उभे राहिले. "काजळी. मालक कमलबाई, वाशी. वय..." त्यांनी चष्मा पुसला, कागद लांब धरला. "वय वर्षं पंचावन्न."

मैदान खदखदून हसलं.

"आरं, ती शेळी हाय का शेळीची पणजी?"

"पेन्शन चालू करा तिची!"

पुढचीही पंचावन्न. तिच्या पुढचीही. चाळीसच्या वर शेळ्या पंचावन्न वर्षांच्या निघाल्या आणि वय जास्त म्हणून सगळ्यांच्या नावापुढं "अपात्र" छापलेलं.

राजनंदिनीला तिथल्या तिथं उमगलं. तारीख वाचता आली नाही की नवं कॅलेंडर संगणकाच्या मोजणीचा पहिला दिवस धरत होतं, एक जानेवारी एकोणीसशे सत्तर.

कमलबाई नोंदणीच्या टेबलापाशी आली. काजळीची दोरी मनगटाला गुंडाळलेली. टेबलामागं लेक आणि लेकीचे साहेब. राजनंदिनीनं मान खाली घातली आणि लॅपटॉपमध्ये काहीतरी शोधू लागली. कमलबाईनं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा साहेबांकडं.

"म्याडम," ती लेकीला म्हणाली, "आमच्या शेळीचं नाव कटलंय. जरा बघता का?"

माय तिला अहोजाहो करत होती. लेकीनं न मागताच दोघींचं नातं झाकून घेत होती. राजनंदिनीचे कान पेटले. अक्षरं दिसेनात.

"या लोकांनीच चुकीचं भरलंय," सर तिच्याकडं झुकून पुटपुटले. "पुढच्या वर्षी या म्हणावं."

कमलबाईनं ते ऐकलं. मान हलवली. दोरी ओढून ती वळलीसुद्धा.

"थांबा," राजनंदिनी म्हणाली. तिलाच आपला आवाज परका वाटला. टेबलाला वळसा घालून ती मातीत गुडघ्यांवर बसली, काजळीचा जबडा धरला, खालचा ओठ अंगठ्यानं दाबला. दोन रुंद, पांढरेशुभ्र दात.

"दोन दाती. चूक यांची नाही, सर. माझी आहे. त्या दिवशी तुम्ही विचारलंत, तेव्हा मला माहीत होतं."

तिनं लॅपटॉप मांडीवर घेऊन तिथंच बसून कॅलेंडर बाजूला सारलं आणि वयाची जुनी चौकट पुन्हा उघडली, तशी कटलेली नावं यादीत परत आली. अर्धा तास गेला. ज्यांच्या नोंदीबद्दल शंका होती त्यांनी शेळ्या पुढं आणल्या. "म्याडम, आमचीबी बघा!" ती बघत गेली, सांगत गेली, ओढणीला, बोटांना लाळ लागली. लोक अजून हसत होते, पण आता पंचावन्न वर्षांच्या शेळ्यांना नव्हे. तरी तिची नजर काही वर होईना.

"शिकलीस कुठं हे?" सरांनी शेवटी विचारलं.

उत्तर द्यायला ती वळली, तर समोर कमलबाईच. अजूनही परकीच.

"झालं का, म्याडम, आमचं?"

"झालं, माय."

सर दोघींकडं आळीपाळीनं बघत राहिले. कमलबाईनं मनगटावरचा दोरीचा वेढा सैल केला. लेकीच्या कपाळाला लागलेली माती पदरानं पुसली, जरा जोरातच.

"मग मघाशी काय दातखिळी बसली व्हती का?" म्हणाली, आणि उत्तराला न थांबता काजळीला घेऊन रिंगणाकडं निघाली.