मायटो सरांचा ‘तो भाग’

आमच्या सरांनी स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर उभं आयुष्य काढलं, पण ‘स्तन’ हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघत नसे. नागपुरातल्या आमच्या प्रयोगशाळेत त्या ‘आपल्या पेशी’ होत्या आणि वर्गात ‘तो भाग’. तेवढंही बोलताना सर खिडकीबाहेर बघत.

मायटोकॉन्ड्रियाचा विषय निघाला, की मात्र गाडी सुसाट सुटे. म्हणून आम्ही पोरींनी त्यांचं नाव ‘मायटो सर’ ठेवलं होतं. “पेशी बिघडली, की मायटोकॉन्ड्रियातून निरोप सुटतो आणि ती स्वतःहून मरते,” ते सांगत. “कॅन्सरची पेशी तो निरोपच अडवून धरते. मरायचं टाळते लेकाची!” पेशीला शिव्या घालताना त्यांना कसलाही संकोच वाटत नसे.

एकदा नागपूरजवळच्या मौद्याला बायकांच्या शिबिरात त्यांना बोलायला बोलावलं. सरांनी फळाभर मायटोकॉन्ड्रिया काढला. शेवटी एक बाई उठली. “सर, हे सबन बराबर हाय. पण गाठ पाहाची कशी?” सरांचे कान लाल झाले. “ते ह्या सांगतील,” म्हणत माझ्याकडे बोट दाखवून ते चहाला पसार झाले. परतीच्या वाटेवर आम्ही पोट धरून हसलो.

माझं हसू मावळलं ते सरांच्याच स्वयंपाकघरात. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, पोह्यांवर तर्री वाढता वाढता हळूच म्हणाल्या, “मले दिवाळीपासून गाठ लागून राहिली वं. सरले नको सांगू. त्याईले कसंतरीच होते.” तेव्हा होळी होऊन गेली होती. मी ताट तसंच ठेवून बाहेरच्या खोलीत गेले आणि सरांना सांगितलं.

डॉक्टरांपुढेही सर मायटोकॉन्ड्रियावरच बोलत सुटले. कोणतं औषध दिलं तर तो अडलेला निरोप सुटेल, वगैरे. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. “गाठ लवकर दाखवायला हवी होती, सर,” एवढंच म्हणाले. जिना उतरताना सर काकूंवर चिडले. “मले काहून नाही सांगितलं?”

“कोन्त्या शब्दात सांगू जी?” काकू म्हणाल्या.

औषधांनी जमेल तेवढं केलं. काकू गेल्या. मला सरांचा फार राग आला होता, अजूनही येतो.

पुढे मौद्याला पुन्हा शिबिर झालं. सरांनी फळ्याकडे पाहिलंही नाही. बायकांकडे तोंड करून ते खणखणीत आवाजात म्हणाले, “स्तनात गाठ लागली, तर त्याच दिवशी घरात सांगा.”

शब्द अगदी स्वच्छ उच्चारला. सगळ्या बायकांनी ऐकला. जिला तो घरात ऐकायचा होता, ती तेवढी नव्हती.