वेढा उठल्यावरचं जेवण

गाजर, बटाटे आणि कांदा एकत्र उकडल्याचा वास आला की माझ्या घशाखाली आजही घास उतरत नाही.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. पवनीजवळच्या महारोगाच्या दवाखान्यातून आईला घरी आणायला मी बाबांसोबत गेले होते. बाबा बाहेर बैलबंडीपाशीच थांबले. आत हॉलंडहून आलेल्या नर्सबाईंनी जर्मनच्या गंजात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, या भाज्या उकडून, घोटून, वर लोणी सोडलं होतं. त्याला त्या हुट्सपॉट म्हणायच्या. आईसोबत एकाच गंजातून खाताखाता त्यांनी मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं, "जुन्या काळी आमच्या गावाला शत्रूचा वेढा होता. लोक उपाशी मरत होते. एका रात्री शत्रू पळाला आणि त्याच्या छावणीत असाच भरलेला गंज सापडला. दरवर्षी त्या दिवशी आम्ही हेच जेवतो."

मग आईची वाकडी बोटं हातात घेऊन म्हणाल्या, "तुमचा पण शत्रू गेला. आता घरी सगळ्यांसोबत जेवा."

आई केवढी हसली! मलाही वाटलं, वेढा रोगाचाच होता आणि तो उठला.

संध्याकाळी घरी पोचलो. गोठ्यातल्या कोनाड्यात आईची वेगळी थाळी तशीच होती. बाबांनी तिकडे नुसतं पाहिलं. आईनं थाळी धुतली आणि गोठ्यातच बसली.

"आई, इकडं ये ना, आमच्यात बस," मी म्हटलं.

"राहू दे माय. तुह्या बाबाले जेवण जाणार नाही."

मरेपर्यंत ती तिथेच जेवली. बाबांना दोन्ही वेळा नीट जेवण गेलं.