साहेब आत्ताच गेलेत

डॉक्टरने आमच्या गावाला फसवलं आणि सिस्टरबाईंनी त्याला फसवू दिलं. पहिल्या गोष्टीचा मला राग आहे. दुसरीचं काय करायचं, ते अजून ठरत नाही.

आमचं गाव खडकवासल्याच्या मागे, धरणापासून तासाभराच्या वाटेवर. मी लहानपणीच तिथून निघालो आणि कर्वेनगरात जुन्या दाराखिडक्यांचा धंदा उभा केला. आई गावातच राहिली. तिला घेऊन आरोग्य केंद्रात गेलो की टेबलामागे तीच खुर्ची दिसायची. पाठीवर पांढरा टॉवेल, टेबलावर स्टेथोस्कोप, शेजारी बशीने झाकलेला चहा. माणूस नाही.

"हाय का डाक्टर?" म्हाताऱ्या विचारायच्या.

"साहेब आत्ताच गेलेत मीटिंगला," असं म्हणून सिस्टरबाई स्वतःच नाडी बघायच्या. टॉवेल दर सोमवारी धुवायच्या. चहा दुपारी आपणच पिऊन टाकायच्या आणि वर तोंड वाकडं करायच्या, "साहेबांना साखर फार लागते हो!"

साहेब कुठे आहेत, हे मला ठाऊक होतं. माझ्या दुकानापासून चार इमारती सोडून त्याचा खासगी दवाखाना. त्या एका गल्लीत डॉक्टरांच्या नऊ पाट्या. गुडघ्यांचा वेगळा, केसांचा वेगळा, एक तर नुसता घोरणाऱ्यांचा. तुमच्या गल्लीतही मोजून पाहा. आणि आमच्या खोऱ्यातल्या सगळ्या वाड्यांना मिळून एक टॉवेल.

मी तक्रार लिहिली. सिस्टरबाईंनी ती वाचली आणि घडी घालून माझ्या खिशात परत कोंबली.

"शेठ, शहाणपणा करू नका. साहेबांची बदली झाली तर ही जागा रिकामी पडेल. मग इथे कोण येतंय? आता निदान त्यांच्या सहीवर औषधं तरी येतात."

ती सही आणायला त्या दर महिन्याला एसटीने कर्वेनगरला यायच्या आणि त्याच्या दवाखान्यात पेशंटांच्या रांगेत बसायच्या.

माझी मुलगी इंग्लंडला असते. तिकडे डॉक्टरची वेळ मिळायला तीन आठवडे लागले म्हणून ती फोनवर रडली होती. सिस्टरबाईंना हे सांगितलं, तर त्यांनी डोळे मोठे केले.

"पण तीन आठवड्यांनी भेटतो ना?"

शेवटी मी डॉक्टरला गाठलं. आठवड्यातले चार दिवस मागितले. तो हसला. "काका, आईंना इथेच आणा की." घासाघीस करत एका दिवसावर आलो. त्याने दर गुरुवारी गावात यायचं, मी तक्रार करायची नाही. आयुष्यभर सौदे केले, इतका मूर्ख सौदा दुसरा केला नाही.

दोन गुरुवार तो आला. तिसऱ्या गुरुवारी व्हरांडा माणसांनी भरला होता. केसपेपर वाटता वाटता सिस्टरबाई छाती धरून भिंतीशी खाली बसल्या. रुग्णवाहिका दुसऱ्या खेपेला गेलेली. मी डॉक्टरला फोन लावला.

"आज इकडे गर्दी आहे हो काका. निघतोच."

"अहो, सिस्टरबाई पडल्यात!"

"असं? मग त्यांना इकडे घेऊन या."

माझ्या टेम्पोतल्या जुन्या दारांच्या चौकटी रस्त्यावर फेकल्या आणि बाईंना आत निजवलं. त्या माझी बाही ओढत होत्या. "शेठ, लोकांना सांगा, साहेब..." इतकं बोलून थांबल्या. हजारदा बोललेलं वाक्य, पण या वेळी ते पुरं झालं नाही. धरणाची भिंत दिसायच्या आत त्या गेल्या.

तक्रार मी आता दिली आहे. जागा रिकामी पडेल, औषधं थांबतील, गाव मला शिव्या देईल. देऊ दे. पण डॉक्टर, तुमचा खुलासा मला तुमच्या वरिष्ठांच्या ऑफिसातल्या कागदावर नको. त्या व्हरांड्यात या, केसपेपर हातात घेऊन बसलेल्या माणसांसमोर उभे राहा आणि सांगा, त्या गुरुवारी तुम्ही कुठे होता?